द सुप्रीम्स आणि ब्रॉडवेची गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर लिहायला लागल्यापासून एका अल्बमबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते, आणि तो त्यांचा सर्वांत गाजलेला अल्बम नाही. ‘द सुप्रीम्स सिंग रॉजर्स अँड हार्ट’, १९६७. कुणाला तो वडिलांच्या जुन्या एलपींमध्ये सापडतो, कुणाला ऑनलाइन ऐकताना अचानक समोर येतो, आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : हे यांनी का गायलं? त्या आणि त्याच्या आजूबाजूच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१. हा अल्बम नेमका कोणाचा? गायिका कोण?

डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लोरेन्स बॅलार्ड या तिघींच्या ‘द सुप्रीम्स’ या गटाचा. तिघी डेट्रॉइटच्या, ब्रूस्टर या सरकारी वसाहतीत वाढलेल्या. १९५९ मध्ये ‘प्राइमेट्स’ नावाने गायला लागल्या आणि १९६१ मध्ये बेरी गॉर्डी यांच्या मोटाउन कंपनीत दाखल झाल्या. मे १९६७ मध्ये हा अल्बम आला तेव्हा तिघीही २३ वर्षांच्या होत्या. निर्मिती गॉर्डी आणि गिल अ‍ॅस्की यांची. अ‍ॅस्की मोटाउनचे संयोजक आणि वाद्यवृंद संचालक होते, आणि या अल्बमभर ऐकू येणारा ब्रास आणि व्हायोलिनचा भरगच्च वाद्यमेळ ही त्यांची करामत.

२. ‘शो ट्यून’ म्हणजे काय?

संगीत नाटकासाठी, विशेषतः ब्रॉडवे या न्यूयॉर्कच्या नाट्यवस्तीतल्या नाटकासाठी लिहिलेलं गाणं, म्हणजे अमेरिकेचं नाट्यपद. नाटकात ते एका पात्राच्या तोंडी, एका प्रसंगात येतं. चाल चांगली असेल तर ते नाटकाबाहेर पडतं, दुसरे गायक उचलतात, आणि तीसेक वर्षांनी मूळ नाटक कुणाला आठवत नसतं, गाणं मात्र सगळ्यांना पाठ असतं. नाटकाचा प्रयोग न पाहता मैफलीत नाट्यपदं ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बांधणी बहुतेक वेळा ठरलेली असते. सुरुवातीला बोलल्यासारखी प्रस्तावना, मग ३२ आवर्तनांचं (इंग्रजीत ‘बार’) मुख्य गाणं, आठ-आठच्या चार तुकड्यांत : पहिली ओळ, तीच चाल पुन्हा, मग वेगळ्या वळणाचा मधला तुकडा, आणि परत पहिली चाल. नाटकाबाहेर गाताना प्रस्तावना बहुतेकदा गळून पडते.

३. आणि ‘सोल’?

चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि रिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून १९५० च्या दशकात आकाराला आलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत. मोटाउनने त्याला डेट्रॉइटचा नेटका, नाचायला लावणारा ठेका दिला.

४. रॉजर्स आणि हार्ट कोण?

रिचर्ड रॉजर्स (१९०२–१९७९) संगीतकार, लॉरेंझ हार्ट (१८९५–१९४३) गीतकार. दोघेही न्यूयॉर्कचे, आणि सुमारे दोन दशकं बरोबर काम केलेले. हार्ट गेल्यावर नाही, तर त्याआधीच रॉजर्सनी ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्याबरोबर ‘ओक्लाहोमा!’ (१९४३) केलं. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हे त्या दुसऱ्या जोडीचं, त्यामुळे आपल्याकडे रॉजर्स हे नाव बहुतेकांना तिथूनच माहीत असतं.

माझं मत स्पष्ट आहे : हॅमरस्टाइनबरोबरच्या चाली भव्य आहेत, पण हार्टबरोबरच्या जास्त जिवंत आहेत. हार्टच्या शब्दांत एकाच वेळी खोडकरपणा आणि एकटेपणा असतो. पॅरिसमध्ये दोघे दोन मुलींबरोबर टॅक्सीतून जात होते. अपघात थोडक्यात टळला आणि एक मुलगी ओरडली की माझं हृदयच थांबलं. हार्ट तिथल्या तिथे म्हणाले, हे गाण्याचं शीर्षक आहे. ‘माय हार्ट स्टुड स्टिल’ असं जन्माला आलं, आणि त्या गाण्यातले जवळजवळ सगळे शब्द एकेका उच्चारखंडाचे (सिलेबलचे), ठोक्यासारखे आहेत. तेही या अल्बममध्ये आहे.

५. एकामागून एक गाणी पहिल्या क्रमांकावर जात असताना तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या नाटकातली गाणी का गायची?

कारण गॉर्डींना कळत होतं की हिट गाणं काही आठवडे चालतं, आणि चांगल्या नाइट क्लबमधली जागा वर्षानुवर्षं पोसते. त्या क्लबमध्ये येणारे लोक रेकॉर्ड विकत घेणारी शाळकरी मुलं नव्हती. जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या त्या प्रौढ मंडळींना ओळखीची गाणी लागत.

त्यासाठी मोटाउनमध्ये एक वेगळा विभागच होता. चालणं, बसणं, बोलणं मॅक्सिन पॉवेल शिकवत. तुम्हाला राजेराण्यांसमोर आणि व्हाइट हाउसमध्ये गायचं आहे, असं त्या या मुलामुलींना सांगत. पदन्यास चॉली अ‍ॅटकिन्स बसवत, गाण्याची तालीम मॉरिस किंग घेत. जुलै १९६५ मध्ये सुप्रीम्स न्यूयॉर्कच्या ‘कोपाकबाना’ या नाइट क्लबात गायल्या, आणि त्या वर्षअखेर त्या कार्यक्रमाचा अल्बमही आला.

म्हणजे १९६७ चा अल्बम आकाशातून पडला नाही. १९६६ च्या ‘आय हिअर अ सिम्फनी’ या त्यांच्या अल्बमवरही रॉजर्स आणि हार्टचं ‘विथ अ साँग इन माय हार्ट’ आहे. मार्च १९६७ मध्ये एबीसी वाहिनीवर या जोडीच्या गाण्यांचा खास कार्यक्रम झाला. त्यात बॉबी डॅरिन, पेटुला क्लार्क, काउंट बेसी यांच्याबरोबर सुप्रीम्सही होत्या.

६. थोडक्यात गोऱ्या प्रेक्षकांना खूश करण्यासाठी आपला सूर सोडला, असंच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मला तो पटत नाही. धंद्याचा हिशोब होता, तो वर सांगितलाच आहे (प्रश्न ५). पण एवढ्यावर थांबलं तर एक मोठी गोष्ट निसटते.

या आधीच्या, जानेवारी १९६७ च्या अल्बमचं नाव बघा : ‘द सुप्रीम्स सिंग हॉलंड-डोझिअर-हॉलंड’. ब्रायन हॉलंड, लॅमॉन्ट डोझिअर आणि एडी हॉलंड हे मोटाउनचे घरचे गीतकार-संगीतकार. मे १९६७ पर्यंत सुप्रीम्सची दहा गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती आणि दहाच्या दहांमागे हे तिघे होते. त्यानंतर चारच महिन्यांत त्याच साच्याचं नाव : ‘सिंग रॉजर्स अँड हार्ट’. गीतकारांचं नाव अल्बमच्या माथ्यावर लावणं हा मान तोवर ब्रॉडवेच्या दिग्गजांना मिळत असे. मोटाउनने तो आधी डेट्रॉइटच्या तीन कृष्णवर्णीय तरुणांना दिला आणि मग त्यांच्या शेजारी रॉजर्स आणि हार्टना बसवलं. दोन्ही एलपी शेजारी ठेवल्या की त्यातलं म्हणणं उघड दिसतं : हेही अमेरिकेचं अभिजात गाणं आणि तेही, आणि दोन्ही आम्ही गाऊ.

शिवाय या गाण्यांवर गोऱ्यांची मालकी कधी होती? ब्रॉडवेच्या चालींमध्ये जॅझचं रक्त आहे, आणि बिली हॉलिडे, सारा व्हॉन, एला फिट्झजेराल्ड या कृष्णवर्णीय गायिकांनीच त्या घराघरांत नेल्या. ज्या ‘कोपाकबाना’त १९४० च्या दशकात कृष्णवर्णीयांना प्रेक्षक म्हणून प्रवेश नव्हता, तिथे या तिघी मुख्य गायिका म्हणून उभ्या राहिल्या. त्याला शरणागती म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणखी एक प्रसंग. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी सुप्रीम्स दूरचित्रवाणीवरच्या ‘द टुनाइट शो’मध्ये गायल्या. गाणं होतं ‘समव्हेअर’, ‘वेस्ट साइड स्टोरी’ या १९५७ च्या संगीत नाटकातलं. मधल्या निवेदनात डायना रॉसने नेहमीचे प्रेमाचे शब्द बाजूला ठेवले आणि किंग यांना आदरांजली वाहिली. आपल्यासाठी कुठेतरी जागा असेल, हे त्या गाण्याचं म्हणणं त्या दिवशी नाटकाचं उरलं नव्हतं.

७. अल्बमवर कोणती गाणी आहेत आणि ती कोणत्या नाटकांतली?

बारा आहेत. ‘द लेडी इज अ ट्रँप’, ‘व्हेअर ऑर व्हेन’ आणि ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ ही तिन्ही एकाच नाटकातली, ‘बेब्स इन आर्म्स’ (१९३७). एका नाटकातून तीन अजरामर गाणी निघावीत, हे विचार करण्यासारखं आहे. ‘धिस कान्ट बी लव्ह’ आणि ‘फॉलिंग इन लव्ह विथ लव्ह’ ही ‘द बॉइज फ्रॉम सिराक्यूज’ (१९३८) मधली. ‘दाउ स्वेल’ आणि ‘माय हार्ट स्टुड स्टिल’ ‘अ कनेक्टिकट यँकी’ (१९२७) मधली, पैकी दुसरं आधी लंडनच्या एका रिव्ह्यूत (गाणी आणि छोट्या प्रवेशांच्या कार्यक्रमात) आलं होतं. ‘माय रोमान्स’ ‘जंबो’ (१९३५) मधलं. ‘माउंटन ग्रीनरी’ १९२६ च्या ‘द गॅरिक गेइटीज’मधलं. ते रंगमंचावर आलं तेव्हा रॉजर्सही २३ वर्षांचेच होते, ते गाणाऱ्या या तिघींच्याच वयाचे.

उरलेल्या तीन गाण्यांची गोष्ट सरळ नाही, ती पुढच्या उत्तरात.

८. ‘ब्लू मून’ कोणत्या नाटकातलं? मला कुठेच सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ते नाटकातलं नाहीच. रॉजर्सनी ती चाल हॉलीवूडमध्ये एमजीएम या चित्रपट कंपनीसाठी केली. हार्टनी तिच्यावर आधी एक प्रार्थना लिहिली, ती वापरली गेली नाही. मग ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ (१९३४) या चित्रपटासाठी दुसरे शब्द, तेही बाजूला पडले. तिसऱ्या शब्दांसह चाल त्या चित्रपटात आली आणि कुणी लक्ष दिलं नाही. चौथ्या खेपेला लिहिलं ते ‘ब्लू मून’, आणि तेच जगभर गेलं. १९६१ मध्ये ‘द मार्सेल्स’ या डू-वॉप (आवाजांचा मेळ घालून गाण्याची शैली) गटाने ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. म्हणजे सुप्रीम्सच्या आधीच ते रस्त्याच्या कोपऱ्यावर गाणाऱ्या पोरांचं झालं होतं.

‘लव्हर’ हेही चित्रपटातलं, ‘लव्ह मी टुनाइट’ (१९३२). ‘डान्सिंग ऑन द सीलिंग’ हे न्यूयॉर्कच्या एका नाटकातून प्रयोगापूर्वीच कापलं गेलं आणि १९३० मध्येच लंडनच्या ‘एव्हर ग्रीन’मध्ये वापरलं गेलं. त्यामुळे कडक हिशोब लावला तर बारापैकी दोन गाणी ‘शो ट्यून’ नव्हेत. ऐकताना मी हा हिशोब लावत नाही.

९. डायना रॉसचा आवाज पातळ आहे. एला फिट्झजेराल्डपुढे ही गाणी फिकी वाटत नाहीत का?

एलाचा याच जोडीच्या गाण्यांचा दोन एलपींचा अल्बम १९५६ चा. त्याच्याशी बरोबरी करायची म्हटली तर कुणीच टिकत नाही. पण तुलना तिथे करू नये असं मला वाटतं. एला चालीत राहते. डायना शब्दात राहते. आणि हार्ट हा शब्दांचा माणूस आहे.

‘माउंटन ग्रीनरी’ घ्या. ‘ग्रीनरी’ला ‘सीनरी’ हे यमक कुणीही जुळवेल. हार्ट पुढे जाऊन ‘रिसेप्शन’ हा शब्द मधूनच मोडतात. त्याचा ‘रि’ एवढाच तुकडा ओळीच्या शेवटी अडकवून ‘कीनर रि-’ करतात, ‘बीनरी’शी यमक जुळवतात, आणि उरलेला शब्द पुढच्या ओळीत ढकलतात. असं गाणं गाताना व्यंजन जरा जाड पडलं की गंमत गेली. किंवा ‘माय फनी व्हॅलेंटाइन’मधला ‘अनफोटोग्राफेबल’. सहा उच्चारखंडांचा हा अवजड शब्द त्या हळुवार गाण्यात मुद्दाम टाकला आहे, कारण गाणारी आपल्या माणसाची व्यंगं मोजते आहे आणि तरी त्याच्यावर जीव टाकते आहे. (नाटकात त्या मुलाचं नावच व्हॅलेंटाइन असतं.) डायनाची ‘ट’ आणि ‘फ’ची धार, शब्द दातांजवळ ठेवून गाण्याची सवय, श्वास कमी घेऊन ओळ हलकी सोडणं, हे सगळं मोटाउनच्या तीन मिनिटांच्या गाण्यांत घडलेलं आहे. तिथे ढोलाच्या गर्दीतून शब्द बाहेर यावा लागत असे. तीच सवय इथे कामी येते.

जिथे लांब सूर धरून ठेवायचा आहे, तिथे ती कमी पडते. हेही खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही.

१०. मेरी आणि फ्लोरेन्स कुठे आहेत? फक्त मागे ‘ऊ-आ’ करायला?

मुख्य आवाज डायनाचा, हे ठरूनच गेलं होतं. पण हा अल्बम लक्षपूर्वक ऐकायचं कारण नेमकं त्या दोघी आहेत. फ्लोरेन्स गटात असताना निघालेला हा शेवटचा अल्बम. जून १९६७ च्या अखेरीस लास व्हेगासच्या फ्लेमिंगो हॉटेलात गटाचं नाव ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ झालं, आणि जुलैच्या सुरुवातीला तिथेच फ्लोरेन्सचं गाणं थांबलं. तिच्या जागी सिंडी बर्डसाँग आली. फ्लोरेन्स १९७६ मध्ये गेली, अवघ्या ३२ व्या वर्षी.

नाटकातल्या गाण्यांशी तिचं एक वेगळं नातं होतं. रंगमंचावर ‘पीपल’ हे ‘फनी गर्ल’ नाटकातलं गाणं ती एकटी गात असे. पुढे ते तिच्याकडून गेलं (प्रश्न १५).

११. एवढ्या नामवंतांची गाणी गायला परवानगी कशी मिळाली?

वेगळी मागावी लागत नव्हती. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार गाणं एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं की पुढे कुणीही ते गाऊ शकत असे, ठरलेली रक्कम भरून. १९६७ मध्ये ती दर प्रतीमागे, दर गाण्यामागे दोन सेंट होती. बारा गाणी म्हणजे एका एलपीमागे २४ सेंट.

हा आकडा छोटा वाटतो, पण त्यातूनच कळतं की गॉर्डी या कामाकडे किती गांभीर्याने बघत होते. हॉलंड-डोझिअर-हॉलंडची गाणी मोटाउनच्याच जोबेट या प्रकाशन कंपनीकडे होती, तिथे हा पैसा घरातच राहत असे. रॉजर्स आणि हार्टच्या बाबतीत प्रत्येक सेंट बाहेर जाणार होता.

एक अपवाद ध्यानात ठेवा : ही सोय फक्त ध्वनिमुद्रणाची. कथानक, पात्रं, वेशभूषा यांसह तीच गाणी रंगमंचावर करायची तर नाटकाचे हक्क वेगळे घ्यावे लागतात.

१२. अल्बम चालला का?

बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या यादीत २० व्या क्रमांकापर्यंत गेला. दुसऱ्या कुणासाठी हे यश ठरलं असतं. पण ‘द सुप्रीम्स अ’ गो-गो’ १९६६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता, आणि ऑगस्ट १९६७ मधला त्यांचा निवडक गाण्यांचा संचही पहिला आला, त्यामुळे हा मधला अल्बम झाकोळला गेला.

१३. माझ्याकडच्या सीडीवर बारापेक्षा कितीतरी जास्त गाणी आहेत. ती कुठून आली?

त्याच ध्वनिमुद्रणांतून. मुळात दोन एलपींचा संच काढायचा बेत होता, निघाली एकच. उरलेली गाणी १९८० च्या दशकात सीडीवर आली आणि २००२ मध्ये संपूर्ण ध्वनिमुद्रणांचा संच निघाला. ऐकताना आधी मूळ बारा त्यांच्या क्रमाने ऐका, मग बाकीची.

१४. मोटाउनमध्ये हे फक्त सुप्रीम्सनीच केलं?

नाही. मार्विन गे यांचा १९६१ चा पहिलाच अल्बम जुन्या गाण्यांकडे झुकलेला आहे, आणि १९६४ मध्ये त्यांनी ‘हॅलो ब्रॉडवे’ केला. फोर टॉप्सनी १९६७ मध्ये ब्रॉडवेच्या गाण्यांचा अल्बम केला. पण पुरुष गटांतला मला आवडणारा म्हणजे टेम्प्टेशन्सचा ‘इन अ मेलो मूड’ (१९६७). ‘द किंग अँड आय’मधलं ‘हॅलो, यंग लव्हर्स’, ‘मॅन ऑफ ला मँचा’मधलं ‘द इम्पॉसिबल ड्रीम’, ‘द फँटॅस्टिक्स’मधलं ‘ट्राय टु रिमेंबर’, आणि ‘शो बोट’मधलं ‘ओल’ मॅन रिव्हर’. हे शेवटचं १९२७ मध्ये दोन गोऱ्या लेखक-संगीतकारांनी एका कृष्णवर्णीय गोदी कामगारासाठी लिहिलं होतं. पाच कृष्णवर्णीय आवाजांत ते ऐकलं की तो कामगार एकटा राहत नाही.

पुढे टेम्प्टेशन्स आणि सुप्रीम्स यांनी मिळून दूरचित्रवाणीवर दोन कार्यक्रम केले. पैकी १९६९ चा तर ब्रॉडवेवरच होता आणि त्याचाही अल्बम निघाला.

१५. ‘फनी गर्ल’चा अल्बम याच मालिकेतला समजायचा का?

नावापुरता. ऑगस्ट १९६८ मध्ये, चित्रपट येण्याच्या सुमारास, एकाच नाटकाची गाणी घेऊन तो काढला गेला. गटाचं नाव बदललेलं, फ्लोरेन्स गेलेली. त्यात ‘पीपल’ आहे, डायनाच्या आवाजात. प्रश्न १० मधली हकीकत माहीत असेल तर ते गाणं नुसतं गाणं म्हणून ऐकणं अवघड जातं. विक्रीतही तो साफ आपटला.

१६. उलट कधी झालं का, म्हणजे या गटांवरच नाटक?

झालं. ‘ड्रीमगर्ल्स’ १९८१ मध्ये ब्रॉडवेवर आलं. तीन मुलींच्या गटाची ती कथा सुप्रीम्सच्या वाटचालीशी इतकी मिळतीजुळती होती की मेरी विल्सननी १९८६ मध्ये आत्मचरित्राला ‘ड्रीमगर्ल’ हेच नाव दिलं. २०१३ मध्ये ‘मोटाउन : द म्युझिकल’ आलं, २०१९ मध्ये टेम्प्टेशन्सवरचं ‘एन्ट टू प्राउड’. आता त्यांचीच गाणी ‘शो ट्यून’ झाली आहेत.

१७. पहिल्यांदा ऐकतोय. सुरुवात कुठून करू?

‘धिस कान्ट बी लव्ह’ लावा. दोन-तीन मिनिटांचं गाणं आहे, इंग्रजी पटकन कळतं : रडणं नाही, उसासे नाहीत, चक्करही येत नाही, मग हे प्रेम कसं? मग ‘व्हेअर ऑर व्हेन’. हे सगळं आधी कधीतरी घडलंय, कुठे आणि केव्हा आठवत नाही, एवढंच त्यात आहे. शक्यतो हेडफोन लावून ऐका, आणि दुसऱ्या वेळी डायनाकडे लक्ष न देता तिच्या मागचे दोन आवाज शोधा.